एक्स-रे छान आला, पण आईला विचारलंत का?

आज आईला कंबरेच्या मणक्याच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीला नेलं होतं. डॉक्टरांनी स्क्रीनवर एक्स-रे बघितला, "एकदम छान, काही काळजी नाही" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. आई सांगत होती, "पण डॉक्टर, तळपाय अजून बधिर आहे हो." कुणी ऐकलंच नाही. तेव्हापासून डोकं तापलंय.

कंबरेच्या मणक्यातली नसांची वाट वयाबरोबर अरुंद होते. डिस्क म्हणजे मणक्यांमधली गादी फुगते, सांधे वाढतात, हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट जाड होतं. मग थोडं चाललं की पाय भरून येतात, पोटऱ्या ओढतात, मुंग्या येतात. बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं, कारण वाकल्यावर ती वाट जराशी मोकळी होते. आई रस्त्यात थांबून चपलेचा पट्टा नीट करत बसायची. पट्टा धडच असायचा, तिला फक्त वाकायचं असायचं. आणि हे ती आम्हाला कळू देत नव्हती.

ऑपरेशनने फरक पडला, नाही कशाला म्हणू? नसांवरचा दाब काढला आणि पायांचं ते ओढणं गेलं. आता चपलेच्या पट्ट्याकडे तिचं लक्षही जात नाही. पण सकाळी उठताना कंबर धरते आणि तळव्याला गालिचा लागतोय की फरशी, हे तिला समजत नाही. म्हणून ती स्वतःलाच दोष देते. "माझंच काहीतरी चुकतंय, व्यायाम कमी पडतोय." हे ऐकलं की मला रडू येतं.

अहो, तिचं काहीच चुकत नाहीये! या ऑपरेशनचा मुख्य फायदा पायांच्या दुखण्याला होतो, कंबरेला त्यामानाने कमी. बरीच वर्षं दबलेली नस सावकाश सुधारते, कधीकधी पूर्ण सुधारतही नाही. हे सह्या घेण्याआधी बसवून सांगायला किती वेळ लागतो? ओपीडीत गर्दी असते, मान्य. तरीही पाच मिनिटं काढता येतात.

पेशंट समाधानी आहे का, हे एक्स-रेत दिसत नाही. एमआरआयमधलं अरुंदपण आणि माणसाचा त्रास यांचासुद्धा नीट मेळ बसत नाही. म्हणून तर कंबरदुखीच्या पेशंटने स्वतः भरायच्या ऑस्वेस्ट्रीसारख्या प्रश्नावल्या आहेत: किती चालता, किती वेळ उभं राहवतं, झोप लागते का, प्रवास जमतो का. नसांची वाट अरुंद झालेल्यांसाठी असलेल्या झुरिकच्या प्रश्नावलीत तर ऑपरेशनबद्दल समाधानी आहात का, हे थेट विचारतात. आईला यातलं एकही कुणी विचारलं नाही.

आणि नातेवाईक! एक म्हणे, "स्क्रू टाकले नाहीत? मग अर्धवटच केलं." २०१६ साली स्वीडनमधला मोठा अभ्यास आला. नुसत्या नसा मोकळ्या केलेल्या आणि वर स्क्रू लावून मणके जोडलेल्या पेशंटमध्ये दोन वर्षांनी म्हणण्यासारखा फरक नव्हता. मणका फारच हलत असेल तर स्क्रू लागतात, ठीक आहे. आईचा हलत नव्हता. दुसरे म्हणे, "मणक्याला हात लावायचाच नसतो." हे तिच्या तोंडावर! ती बिचारी गप्प बसली.

पुढच्या वेळी मी कागदावर लिहून नेणार आहे: तळवा, कंबर, झोप, जिना. उत्तर मिळेपर्यंत आईला खुर्चीवरून उठू देणार नाही. आणि "या वयात असं चालायचंच" हे माझ्या पोस्टखाली कृपा करून कुणी लिहू नका.