माता हारीच्या नावावर खपवलेले ५० हजार मुडदे

माता हारीबद्दलचा एक मजकूर सगळीकडे फिरतोय. ही नर्तकी म्हणे पहिल्या महायुद्धातली जर्मनांची सर्वांत घातक हेर. तिने अधिकाऱ्यांना नादी लावून गुपितं काढली, ५० हजार फ्रेंच सैनिक मारले गेले, आणि हे सगळं निव्वळ पैशासाठी. प्रेमबीम सगळं नाटक.

आधी ते ५० हजार. कोणती लढाई, कोणती तुकडी, कोणतं गुपित? खटल्यातही हे कुणाला दाखवता आलं नाही. फ्रेंचांनी तिला अटक केली १३ फेब्रुवारी १९१७ ला. फ्रेंच सैन्याचंच कंबरडं मोडणारी फ्रेंच जनरल निवेलची चढाई एप्रिलमधली. तेव्हा ही बाई कोठडीत होती. जुलैमधला खटला बंद दाराआड चालला आणि सरकारी साक्षीदारांची उलटतपासणी तिच्या वकिलाला घेऊच दिली नाही.

पैसे घेतले का? घेतले. ॲमस्टरडॅममधल्या जर्मन कॉन्सुलकडून २० हजार फ्रँक. बर्लिनमध्ये जप्त झालेल्या आपल्या फरच्या कोटांची भरपाई म्हणून ते ठेवून घेतले, असं तिचं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं. पण पैसे खिशात घालणं आणि माणसं मरतील अशी माहिती पोचवणं यात फरक आहे, आणि दुसऱ्या गोष्टीचा पुरावा नाही.

सगळ्यात खोटं आहे ते ‘नाटक’. १९१६ मध्ये चाळिशीला टेकलेली माता हारी वादिम मास्लोव्ह या विशीतल्या रशियन कॅप्टनमध्ये पुरती गुंतली होती. आघाडीवर त्याच्या डोळ्याला जबर इजा झाली. तो होता त्या भागाजवळचं व्हितेल हे गाव लष्करी हद्दीत, म्हणजे परवाना हवा. त्यासाठी खेटे घालताना ती फ्रेंच हेरखात्याच्या कॅप्टन लादूसमोर जाऊन बसली, आणि त्याने विचारलं, फ्रान्ससाठी हेरगिरी करशील का? ती तयार झाली. तिने १० लाख फ्रँक मागितले, हे मजकूरवाले चवीने सांगतात. कशासाठी, ते मात्र गाळतात. मास्लोव्हशी लग्न करून इतर पुरुषांच्या पैशावर जगणं थांबवायचं होतं, असं तिने चौकशीत सांगितलं होतं. मास्लोव्ह? खटल्यात तो तिच्या बाजूने उभा राहिला नाही.

मृत्युदंड म्हणून गोळ्या घालताना तिने कोट उघडून सैनिकांना भुलवलं, ही तर शुद्ध लोणकढी थाप. १५ ऑक्टोबर १९१७ ला पॅरिसजवळच्या व्हँसेनमध्ये ती डोळ्यांवर पट्टी न बांधता उभी राहिली, एवढंच.

आणि लादू? त्यानंतर काही दिवसांतच हेरगिरीच्या संशयावरून त्यालाही अटक झाली. तो पुढे निर्दोष सुटला.