महिन्यात १० किलो, आणि पुढं?

तुळशीचं लग्न झालं की बेळगावात बोर्ड लागतात: 'एका महिन्यात १० किलो कमी'. लग्नसराई ना! वर्षभरानं त्यातले किती किलो परत येतात, हे मात्र कुठल्याच बोर्डावर नसतं.

जरा हिशोब करूया. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. महिन्यात १० किलो चरबी घटवायची तर रोज अडीच हजारांवर कॅलरींची तूट पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक बायकांचा अख्ख्या दिवसाचा खर्चच तेवढा नसतो. मग काटा खाली येतो तो कशानं? सुरुवातीला पाण्यानं, मग स्नायू झिजून. झटपट वजन उतरलं की पित्ताशयात खडे व्हायचा धोका वाढतो, तो वेगळाच.

आमच्या ओळखीच्या एका काकूंना शुगरची गोळी चालू. कुणीतरी वजन कमी करायच्या शेक पावडरचा डबा दिला, त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. गल्लीत सगळे "किती बारीक झालासा की!" म्हणत होते. एका पहाटे दरदरून घाम, हात थरथर, शुगर पार खाली. साखरपाणी देऊन सावरलं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डोस डॉक्टरांना विचारायचाच, त्यात हयगय नको.

माझ्या मते आठवड्याला अर्धा किलो खूप झालं. ८० किलोच्या माणसाचे चार-पाच किलो उतरले तरी बीपी-शुगरला फरक पडतो. खरी कसोटी त्यानंतर. बारीक झालेल्या अंगाला कॅलरी कमी लागतात आणि भूक मात्र वाढते. त्यात इच्छाशक्तीचा दोष नाही, शरीरच गेलेलं वजन परत मागतं. वजन कमी करायची नवी इंजेक्शनंसुद्धा बंद केली की बऱ्याच जणांचं वजन परत चढतं.

म्हणून जे दहा वर्षं जमेल तेच जेवण धरावं. बासमती पिकवणाऱ्या मुलखात 'भात बंद' हा सल्ला किती दिवस टिकणार? भात एक डाव कमी, अलसंद्यांची (चवळीची) आमटी एक डाव जास्त, जोंधळ्याची भाकरी, ताक. एवढं कुणालाही जमतं. बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर रोज सकाळी चालणारे पुष्कळ आहेत, पण अर्ध्या तासाच्या चालण्यात जेमतेम सव्वाशे-दीडशे कॅलरी जातात, आणि परतताना दोन वडे होतात! (नावं घेत नाही, तुम्ही वाचताय.) चालणं सोडू नका, वजन टिकवायला त्याचाच आधार आहे. जोडीला आठवड्यातून दोनदा उठाबशा, जोर किंवा डंबेल पाहिजेत, म्हणजे स्नायू राहतात.

आणि जत्रेत मटण खायचं नाही म्हणणारा डाएट आमच्यात चालायचा नाही. दोन दिवस खावा, तिसऱ्या दिवशी भाकरी-आमटीवर यावा. काट्यावर दीड किलो जास्त दिसला तर त्यात बरंचसं मिठानं धरलेलं पाणी असतं, घाबरून उपास धरू नका. महिन्यानंतरही तो तिथंच असला, तर मात्र पाण्यावर ढकलू नका.