कान साफ करायचाच असेल तर

आंघोळीनंतर कान कोरल्याशिवाय ज्यांना चहा गोड लागत नाही, त्यांच्यासाठी हे चार हिताचे शब्द. कानाच्या नळीतली कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेला हळूहळू सरकत असते आणि मळालाही बरोबर आणून सोडते, असं डॉक्टर सांगतात. तुम्ही मुळीच मनावर घेऊ नका. स्टेशनवरचा सरकता जिना रोज पाहणाऱ्या ठाणेकराने आपोआप चालणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर भरवसा ठेवावा तरी का?

तेव्हा बड घ्या. डब्यावर ‘कानाच्या आत घालू नये’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते वाचायचं नाही. मोठ्या माणसाच्या कानाची नळी जेमतेम 2.5 सेंटिमीटर लांब. तिच्या टोकाला पडदा, 8 ते 10 मिलिमीटर रुंद आणि जाडीला मिलिमीटरचा दहावा हिस्सा. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात बड, कोपर ऐसपैस बाहेर काढून बेसिनसमोर उभे राहा. घर वन बीएचके असेल तर फारच उत्तम. शाळेची बस चुकेल म्हणून धाकटा दप्तर घेऊन धावत येतो, दार धाडकन तुमच्या कोपराला लागतं आणि आठवड्याची साफसफाई एका दणक्यात होते. डोळ्यांपुढे काजवे, कापसाच्या बोंडावर लाल ठिपका, कानात बारीक शिट्टी आणि धाकट्याचं रडणं एकदम लांबून आल्यासारखं.

रक्त दिसलं म्हणजे पडदा गेलाच असं नसतं. नळीची कातडी इतकी नाजूक असते की नख लागलं तरी ती रक्त दाखवते. खरं काय ते दुर्बिणीतून आत पाहिल्यावरच कळतं. पण तुम्हाला दुर्बीण कशाला? मोबाईलचा टॉर्च आहे, बायको आहे.

बड नसेल तर डोंबिवली स्लोमध्ये उभ्या-उभ्या कपाटाच्या किल्लीने भागवता येतं. कळवा-मुंब्र्यादरम्यान गाडीने झोल दिला आणि शेजाऱ्याचा खांदा लागला की बाकीचं काम तोच करतो.

या सगळ्यापेक्षा स्वस्त आणि अस्सल देशी उपाय म्हणजे कानाखाली आवाज काढणे. याला साहित्य लागत नाही, फक्त उघडा पंजा आणि पार्किंगवरून झालेलं भांडण. पंजा कानावर सपाट बसला की नळीचं तोंड बंद होतं, आतली हवा एकदम दाबली जाते आणि तो दाब पडद्याला भोक पाडून वाट काढतो. मारणारे बहुतेक उजव्या हाताचे, म्हणून समोरच्याचा डावा कान जातो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एवढं शास्त्र ध्यानात ठेवावं आणि मीटिंगला डावी बाजू भिंतीकडे करून बसावं. घरात पोरांना ‘शिस्त’ लावणाऱ्या थोरांनी मात्र काही ध्यानात ठेवायची गरज नाही. पोरगं दुसऱ्या दिवसापासून हाकेला ओ देईनासं झालं की त्याच कारणासाठी आणखी एक लगावता येते.

आता पडदा फाटलाच आहे, तर उपचार घरीच सुरू करा. लोखंडी पळीत तेल, त्यात लसणाच्या दोन पाकळ्या, चरचरली की कोमट करून कानात. पडदा शाबूत असता तर तेल नळीतच थांबलं असतं, आता ते थेट मधल्या कानात उतरतं आणि वाटेतले जंतूही सोबत नेतं. त्यावर मेडिकलवाल्याकडून कुठलेही थेंब मागून घ्या. काही थेंबांतली औषधं भोकातून आत गेली तर आतल्या कानालाच इजा करतात. पण काउंटरवरच्या पोराने दिलेत म्हणजे चांगलेच असणार.

एका ठिकाणी मात्र माझी थट्टा आवरती घेतो. घोडबंदर रोडवर बाईक घसरली, डोकं आपटलं आणि कानातून रक्त किंवा पाण्यासारखं पातळ काही येऊ लागलं, तर कवटीचं हाड तडकलेलं असू शकतं. कानात कापूस ठासायचा नाही, काही घालायचं नाही. वरून स्वच्छ कापड सैल धरायचं, मान हलू द्यायची नाही, 108 ला फोन करायचा. तोंड एका बाजूला वाकडं होणं, भोवळ येऊन उलट्या होणं, ऐकू येणं एकदम बंद होणं, यातलं काहीही झालं तरी सकाळची वाट पाहू नये.

बाकी ईएनटीकडे गेलात तर निराशेची तयारी ठेवा. तो आत पाहतो आणि म्हणतो, ‘काही करू नका.’ कान कोरडा ठेवा, आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी धरा, नाक जोरात शिंकरू नका, उपवनच्या तलावात काय, कुठल्याच पाण्यात बुडी मारू नका. मारामुळे किंवा काडीमुळे पडलेलं भोक बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपसूक भरतं, फार तर दोन-तीन महिने. फी घेऊन ‘काही करू नका’ सांगणारा डॉक्टर आपल्याला पटत नाही, हा आपला जुना आजार. नाहीच भरलं तर शस्त्रक्रिया करतात, कानाच्या वरच्या बाजूला स्नायूवर असलेल्या पातळ आवरणाचा तुकडा काढून पडद्याला ठिगळ लावतात.

डीजेवाल्यांना एक श्रेय मात्र देऊ नये. त्यांच्या भिंतीपुढे नाचून पडदा सहसा फाटत नाही. मरतात त्या आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत, त्यांना ठिगळही लागत नाही. कायद्याने वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. एवढ्या आवाजात बाप्पाला आपण आलोय हे कळणार कसं?

राहिली ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. तिची वेळ भाद्रपदातली आणि क्लिनिक नाक्यावरचं घ्या. खाली मिरवणूक आली की तुमचं बोट बटणावरून उठणारच नाही आणि दोन्ही कानांचा रिपोर्ट नॉर्मल येईल.