पाणी (दोन अक्षरी)

पाणी, दोन अक्षरी. शब्दकोड्यातलं सूत्र एवढंच. आडव्या शब्दांच्या यादीत पहिलंच, आणि इतकं सोपं की माणूस थेट पेन उचलतो. मग लक्षात येतं की जल होतं, नीर होतं, तोय होतं, पय होतं, अंबू होतं आणि वारीसुद्धा होतं. सहा उत्तरं, सहाही बरोबर, आणि रचणाऱ्याच्या मनात त्यातलं एकच. ते ठरवायला खाली जाणारा उभा शब्द पाहावा, तर त्याचं सूत्र 'कमळ, तीन अक्षरी'. म्हणजे पंकज, नीरज, जलज, सरोज, अंबुज, राजीव, उत्पल. आगीतून फुफाट्यात.

शब्दकोडं सुटत नाही याचं कारण शब्दसंग्रह तोकडा, असं लोक समजतात. साफ चूक. शब्दसंग्रह तोकडा असलेला माणूस 'जल' लिहून मोकळा होतो आणि पन्नास टक्के वेळा त्याचं बरोबरही येतं. हाल होतात ते ज्याला सहाही शब्द येतात त्याचे.

त्यातही विषय असलेलं कोडं दयाळू. गणेशोत्सवाच्या पुरवणीतल्या कोड्यात मोदक सापडला की दूर्वा, शमी, जास्वंद, उकड आपोआप रांगेत येतात. बिनविषयाच्या कोड्यात असला आधार नाही. तिथे मोहरीच्या पोटातून महाभारत खाली उतरतं आणि त्याला आडवा येतो तो बैलगाडीचा एखादा भाग. अमेरिकेत हा प्रकार शिस्तीत चालतो. न्यूयॉर्क टाइम्सचं रोजचं कोडं सोमवारी सर्वांत सोपं आणि शनिवारी सर्वांत अवघड असतं, आणि ते शनिवारचं बिनविषयाचं. पंधरा बाय पंधराची जाळी, म्हणजे २२५ घरं, आणि त्यात जास्तीत जास्त ७२ शब्द. विषय असेल तर ७८ पर्यंत सूट. शब्द कमी म्हणजे सोपं, असं वाटतं खरं; पण शब्द कमी म्हणजे काळी घरं कमी, शब्द लांब, आणि एक अडला की आख्खा कोपरा अडतो.

मराठीत मात्र ती जाळी जशीच्या तशी उतरवता येत नाही. इंग्रजीत एका घरात २६ पैकी एक अक्षर बसतं. आपल्याकडे ३४ व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे ४०८ झाली. स्वर वेगळे, आणि जोडाक्षरं मोजायला बसलात तर कोडं राहून जाईल. आडव्या शब्दातली 'मु' उभ्या शब्दातही नेमकी 'मु'च लागते. 'म' चालत नाही, 'मू'ही चालत नाही. म्हणून रचणारा बिनमात्रेच्या शब्दांच्या मागे लागतो. नयन, वदन, दशन, कनक, रजत, पवन, समर, तनय. हे शब्द बाहेरच्या जगातून केव्हाच निवृत्त झाले आहेत. दाताला दशन म्हणणारा दंतवैद्य महाराष्ट्रात सापडायचा नाही, पण कोड्यात मात्र दर रविवारी दशनाची हजेरी असते. नयन, कनक, जलज, सरस, नमन ही मंडळी तर उलटसुलट सारखीच, त्यामुळे रचणाऱ्याची विशेष लाडकी.

आता हत्यारं. पेन नको. पेनने कोडं सोडवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण त्यांची सोडवलेली कोडी मी पाहिलेली आहेत. १९२४ साली अमेरिकेत शब्दकोड्यांचं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा प्रकाशकांनी सोबत पेन्सिल जोडून दिली होती, ती उगाच नाही. पेन्सिल एचबी, टोक जरा बोथट, कारण अणकुचीदार टोकाने वर्तमानपत्राचा कागद उसवतो. खोडरबर पांढरा आणि मऊ. एका घरात फार तर दोनदा खोडावं. तिसऱ्यांदा खोडलं की भोक पडतं आणि मागच्या पानावरची वधू-वर सूचना वाचता येते. नक्की नसलेलं अक्षर घराच्या कोपऱ्यात बारीक लिहायचं, नक्की झालेलं मधोमध मोठं.

सुरुवात १ आडव्यापासून करायची नाही. यादी एकदा वरून खाली वाचायची आणि फक्त शेपट्या भरायच्या. सूत्र 'णे'कारान्त क्रियापदाचं असेल तर शेवटच्या घरात बहुधा 'णे'. सूत्रात 'गेला' असेल तर उत्तराच्या शेवटी 'ला', 'गेली' असेल तर 'ली'. सूत्र अनेकवचनी असेल तर उत्तरही अनेकवचनी. हे नियम रचणारे बऱ्यापैकी पाळतात. आणि पाण्याचा तो मघाचा घोळ इथे कामाला येतो. पाण्याच्या कुठल्याही शब्दाला 'ज' लावला की कमळ, 'द' लावला की ढग, 'धी' लावला की समुद्र. जलज, जलद, जलधी. अंबुज, अंबुद, अंबुधी. म्हणजे कोणतं पाणी ते कळलं नाही तरी शेपूट हमखास कळते. कमळाच्या शेवटच्या घरात बारीक 'ज' टाकून पुढे जायचं. राजीव आणि उत्पल दगा देतात, पण क्वचित.

एक कोपराच उलगडून पाहू. १ आडवा: 'बिल न पाठवणारा पाणीपुरवठा (३)'. अवघड कोड्यात ढगाला ढग म्हणत नाहीत. तर ढग, तीन अक्षरी, शेवटी 'द'. उमेदवार जलद, नीरद, तोयद, अंबुद, वारिद, पयोद. काहीच मोठं लिहायचं नाही. तिसऱ्या घरातून खाली उतरतो तो २ उभा: 'अक्कल आल्यावरही दुखणारा (३)'. दात. म्हणजे दशन किंवा रदन. शेवटचा 'न' दोन्हीकडे सारखा, तो पक्का. पहिलं घर 'द' किंवा 'र', पण तिथे ढगाची शेपूट येतेय, म्हणून 'द'. दशन झाला. मग १ उभा: 'याच्या डोक्यावर बसूनही मालक होता येत नाही (३)'. माहूत बसतो तो, हत्ती. कुंजर, मतंग, वारण. आता ढगांची तोंडं आणि हत्तींची तोंडं समोरासमोर ठेवायची. ढगांची ज, नी, तो, अं, वा, प. हत्तींची कुं, म, वा. दोन्हीकडे एकच 'वा'. वारिद आणि वारण, एका फटक्यात. मधली 'रि' कुणाही उभ्या शब्दाने तपासलेली नाही, ती फुकट मिळाली.

हे जमलं की अंगावर मूठभर मांस चढतं. तसं चढू द्यावं, पण आधी एक तपासणी. वारणचा 'ण' ज्या घरात पडला त्या घरात आकडा आहे का? असेल तर तिथून आडवा शब्द सुरू होतोय, आणि मराठीत 'ण'ने शब्द सुरू होत नाही. 'ळ'नेही नाही. तसं दिसलं तर हत्ती चुकला, निमूट खोडायचं. ही युक्ती शब्दकोशापेक्षा जास्त चुका पकडते, आणि फुकट आहे.

दुसरी खूण मोकळ्या घरांची. ज्या घरातून एकच शब्द जातो, उभा किंवा आडवा, ते घर संशयास्पद समजावं. रचणारा आपली अवजड जोडाक्षरं तिथेच लपवतो, कारण त्यांना छेद द्यायला दुसरा शब्द मिळतच नाही. 'चांदणं (२)' पाहून सोडवणारे हताश होतात. उत्तर ज्योत्स्ना. 'ज्यो' एका घरात, 'त्स्ना' दुसऱ्या. त्या 'त्स्ना'ला आडवा शब्द शोधून दाखवा. मोजण्यातही लोक इथेच घसरतात. रफार हे वेगळं घर नाही, तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. म्हणून सूर्य दोन घरांचा, दर्पण तीन घरांचा. अनुस्वारालाही घर मिळत नाही. स्वातंत्र्य एवढं मोठं, पण मावतं तीनच घरांत.

मग ह्रस्व-दीर्घ. शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली चौदा ठरले, १९७२ मध्ये चारांची भर पडली, आणि या अठरा नियमांचं शब्दकोड्यांशी कधीच पटलं नाही. नियमानुसार पाणी या अर्थाचा 'वारी' शेवटी दीर्घ, पण समासात गेला की ह्रस्व, म्हणून वारिद. रवी दीर्घ, रविवार ह्रस्व. आडवा 'रवी' आणि त्याच्या शेवटच्या घरातून खाली 'विहीर', अशी गाठ पडली की एकाच घरात 'वी' आणि 'वि' दोघांचाही हक्क. काही रचणारे तळाशी बारीक अक्षरात 'ह्रस्व-दीर्घाची सूट घेतली आहे' असं छापतात. काही सूट घेतात आणि छापत नाहीत. माझा सल्ला असा की वेलांटीवरून शब्द नाकारू नये. अक्षर जुळतंय आणि वेलांटीच भांडतेय, तर बहुतेक वेळा उत्तर बरोबर आहे आणि सूट गुपचूप घेतलेली आहे. आणि 'वारी' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे आषाढ येतो, पाणी येत नाही, हे रचणाऱ्याला पुरतं ठाऊक असतं. म्हणून तर तो सूत्रात नुसतं 'पाणी' लिहितो.

खरं कौशल्य श्लेषाच्या सूत्रांत. 'नारद लावतो, पोटात येते, दाबली की दिवा लागतो (२)' हे सभ्य सूत्र, तीन बाजूंनी मदत करतं: कळ. अवघड कोड्यात यातलं 'पोटात येते' एवढंच ठेवतात, आणि तुम्ही भूक, कळ, मुरडा, गोळा यांच्यात फिरत बसता. (घरं मोजली असती तर मुरडा आणि गोळा यांत फरक कळला असता.) 'पाळीपाळीने येतो आणि शेत भिजवून जातो (२)' म्हणजे पाट; पण मराठी मन आधी पाऊस म्हणतं आणि पाऊस तीन घरांचा. 'दोनदा जन्मणारा (२)' म्हणजे द्विज, मग तो दात, पक्षी किंवा ब्राह्मण. 'मित्र' असं सूत्र आलं तर दोस्ताबरोबर सूर्याचाही विचार करायचा, आणि 'हरी' आलं तर विष्णू, सिंह, वानर, बेडूक आणि घोडा या सगळ्यांचा.

असं अडलं की घरातली मंडळी मदतीला धावतात. हा कोड्याचा सर्वांत अवघड भाग. मामा मागे उभे राहून 'अरे, ते तर सोप्पं आहे' म्हणतात आणि उत्तर न सांगता चहा प्यायला जातात. आजींना अमरकोश पाठ असतो, पण त्या श्लोक सुरुवातीपासूनच म्हणतात. मधूनच सांगा म्हटलं तर जमत नाही. धाकटं कुणीतरी फोनवर शोधून 'हत्ती' या सूत्राचं उत्तर 'एलिफंट' असं कळवतं. शेजारचे काका पेनने लिहून जातात. त्यातल्या त्यात उपयोगी स्वयंपाकघर आणि शेतीतल्या लोकांचा, कारण बैलगाडीचं जू, साटी, धुरा आणि जात्याचा खुंटा, तळी, माकणी ही नावं कोशापेक्षा त्यांच्याकडे पक्की असतात.

एका सूत्राला सहा बरोबर उत्तरं, ही गोष्ट थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहे. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातून बक्षिसांची शब्दकोडी चालत, मुंबई राज्याने त्यावर कर लावला, आणि १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात न्यायालयाने या स्पर्धांना जुगारात काढलं. त्याआधीच, १९५५ च्या कायद्याने, अशा स्पर्धांची बक्षिसं महिन्याला एक हजार रुपयांवर आणि प्रवेशिका दोन हजारांवर थांबवल्या होत्या. पाण्यासाठी नीर लिहायचं की तोय यावर भरवसा ठेवून पैसे लावणाऱ्यांना न्यायमूर्तींनी काय म्हणावं, दुसरं?

बक्षीस नसलेलं कोडंही शेवटी एकदोन घरांवर अडतं. तिथे डोकं फोडण्याआधी छपाई तपासावी. सूत्राच्या कंसातला आकडा आणि जाळीतली घरं जुळतात का, ते मोजायचं. जुळत नसतील तर एखादं काळं घर चुकून पांढरं राहिलंय किंवा पांढरं काळं झालंय, आणि ते चांगल्या कोड्यात बहुतेक वेळा शोधता येतं: जाळी अर्धी फिरवली तरी तशीच दिसायला हवी, तेव्हा वर्तमानपत्र उलटं धरून बघायचं, जिथे नक्षी मोडते तिथे छापणाऱ्याचा हात गेला. कधी १४ उभा जाळीत असतो आणि यादीत नसतो. त्याचं सूत्र पुढच्या रविवारी दिलगिरीसह छापून येतं, मागच्या रविवारच्या उत्तराशेजारी. उत्तर नीर असतं.