खुलासा : सायबरपंक आणि जादूचा मेळ 2017 चा नाही

एल्फ, ऑर्क (परीकथांतले मानवसदृश जीव) आणि जादू आधुनिक शहरात आणण्याची कल्पना 2017 च्या 'ब्राइट' चित्रपटाची आणि 'शॅडोरन' हा टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायचा सायबरपंक-जादूचा खेळ त्यावरून बेतलेला, असं सध्या फिरतंय. हे चूक आहे. 'शॅडोरन' अमेरिकेतल्या फासा कॉर्पोरेशनने 1989 मध्ये प्रकाशित केला, म्हणजे चित्रपटाच्या 28 वर्षं आधी. शिवाय 'ब्राइट' घडतो आजच्यासारख्याच लॉस एंजेलिसमध्ये. त्याला सायबरपंक, म्हणजे प्रगत यंत्रं आणि बकाल जगणं असलेल्या भविष्याची कथा, म्हणणंच ओढूनताणून आहे.

'शॅडोरनमध्ये फक्त हॅकरांच्या गर्दीत ड्रॅगन आणून सोडलेत' हा आक्षेपही मला पटत नाही. खेळाची खरी ताकद 'इसेन्स', म्हणजे पात्राचं मूळ सत्त्व, या नियमात आहे. प्रत्येक पात्राकडे सुरुवातीला 6 इसेन्स असतो. यांत्रिक हात बसवा, डोळे बदला, मेंदूत तारा घाला, की तो घटतो आणि त्याबरोबर जादूची शक्तीही. म्हणजे मांत्रिकाला प्रत्येक यंत्राची किंमत स्वतःच्या जादूने मोजावी लागते. यंत्रासाठी माणूस स्वतःतलं काय गमावतो, हा सायबरपंकचा मूळ प्रश्न. इथे तो थेट आकड्यांत उतरतो.

एक मात्र खरं : हा मेळ सगळ्यांना रुचला नव्हता. सायबरपंकचे अग्रणी लेखक विल्यम गिब्सन यांनी एल्फांच्या या मिश्रणावर उघड नाराजी व्यक्त केली होती.