पहिला मंगळवार

आमच्या चुलत-मावस भावंडांच्या ग्रुपवर वर्षातून एकदा तरी हा वाद पेटतोच. एका पक्षाचं म्हणणं, फ्लॅट घ्या आणि भाड्याने द्या, वास्तू काही पळून जात नाही. दुसरा पक्ष हिशेब मांडतो: पुण्यात घराच्या किमतीवर वर्षाला जेमतेम २-३ टक्के भाडं सुटतं, त्यातून मेंटेनन्स, रंगरंगोटी, त्यापेक्षा ओळखीच्या बिल्डरला पैसे देऊन १२ टक्के घ्या. यंदा मोर्चा माझ्याकडे वळला. "दादा, तू ह्यूस्टनला बसून घरांवर कर्ज देतोस ना? मग आम्हालाच का अडवतोस?"

देतो, खरं आहे. जुनं घर घेऊन, डागडुजी करून विकणारे लोक इथे सहा महिने-वर्षासाठी खासगी माणसाकडून पैसे उचलतात. व्याज बँकेपेक्षा बरंच चढं. पण घरावरचा माझा पहिला बोजा (घर विकलं की आधी माझे पैसे) काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, दप्तरी नोंदलेला असतो, मालकीहक्कात खोट निघाली तर भरपाई देणारा टायटल इन्शुरन्स असतो, घराच्या विम्यावर माझं नाव असतं. हप्ते थकले तर टेक्ससमध्ये कोर्टाविना लिलाव लावता येतो: किमान २१ दिवसांची नोटीस आणि लिलावाचा दिवस महिन्याचा पहिला मंगळवार. न्यू जर्सीत हेच कोर्टामार्फत होतं. तिथे कर्ज देणारा ताटकळतो.

एवढं असूनही मी एकदा पोळलोच. दुरुस्तीनंतर घर जेवढ्याला जाईल, त्याच्या ६५ टक्के मी दिले होते. तीन हप्ते आले नाहीत म्हणून बघायला गेलो, तर ओटा उचकटलेला, मागच्या खोलीचं दार चौकटीत बसेना आणि दारावर भिंतीला तिरकी भेग. इथली चिकणमाती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते आणि घराचा पाया हलवते. कर्जदाराचे सगळे पैसे त्या पायातच गेले होते. मी भाव धरला होता दुरुस्त घराचा, हाती आलं अर्धवट घर. लिलावात शेवटी मीच बोली लावली, आणि भाडेकरूंची कटकट नको म्हणणारा मी घरमालक झालो. आता कर्ज देताना आधी स्वतःला विचारतो: हे घर आज आहे तसं, एवढ्या पैशांत मी घेतलं असतं का?

ओळखीचा बिल्डर काय देतो? स्टॅम्पपेपर आणि पुढच्या तारखांचे चेक. कोर्टाविना गहाण मालमत्ता ताब्यात घेऊ देणारा सरफेसी कायदा (२००२) बँका-वित्तसंस्थांसाठी. तुम्ही-आम्ही गहाणखत करून घेतलं, तरी वसुलीसाठी बहुतेकदा दिवाणी कोर्टाची पायरी चढायची. धंदा म्हणून व्याजाने पैसे फिरवायचे, तर महाराष्ट्रात २०१४च्या सावकारी कायद्याखाली परवाना हवा. १२ टक्क्यांचा आकडा बाँडवर शोभून दिसतो, इतकंच.

म्हणून पुण्याचा फ्लॅट मी ठेवलाय. फार परवडतो अशातला भाग नाही. मालक अनिवासी असला की भाडेकरूने भाड्यातून ३० टक्के आणि वर सेस कापून सरकारजमा करायचा, त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याला लागणारा क्रमांक) काढायचा; हे ऐकूनच दोन चांगली कुटुंबं परत गेली. ११ महिने संपले की पुन्हा लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी, आणि चकरा मारायला धाकटा भाऊ.

परवा पहाटे तीनला भाडेकरूचा मेसेज आला. गीझर गेला होता, सोबत फोटो. फोटो मोठा करून मी आधी मागची भिंत पाहिली. भेग नव्हती.