वर्गातला मोबाईल आणि ऐकण्याचा कान

भाषा शिकवताना मोबाईल वापरावा का, असे विचारले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर व्हिडिओ नाहीतर ॲप येते. तेही वावगे नाही. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. २०१७ मध्ये आलेल्या 'दीक्षा' या सरकारी डिजिटल शिक्षण मंचामुळे बालभारतीच्या पुस्तकातील कोड स्कॅन करणे आता नवलाचे राहिलेले नाही. तरीही धुळे जिल्ह्यात तिसरी-चौथीला मराठी शिकवताना मला मोबाईलमधील सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते ती साधा ध्वनिमुद्रक. त्याला ना रेंज लागते, ना डेटा.

मराठीचे काही उच्चार लिपीत दिसतच नाहीत. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, हे दोन्ही शब्द कागदावर तंतोतंत सारखे. फरक आहे तो तालव्य (जीभ टाळूला लावून म्हटलेल्या) आणि दंत्य (जीभ दातांमागे लावून म्हटलेल्या) 'ज'चा. 'चार' आणि 'चारा' यांतही तोच भेद. शिवाय आमची मुले घरी अहिराणी बोलतात, त्यामुळे त्यांच्या तोंडी डोळ्याचा 'डोया' होतो. मी त्याला चूक म्हणत नाही (आजीची भाषा चूक कशी असेल?). मूल घरच्या बोलीत एक प्रसंग सांगते, मग तोच प्रमाण मराठीत सांगते, आणि दोन्ही मुद्रणे आम्ही लागोपाठ ऐकतो. कुठे काय बदलले, हे मुलेच शोधतात. एरवी वाचनाला उभे राहायला लाजणारी मुलेही स्वतःचा आवाज ऐकल्यावर 'सर, पुन्हा घ्या' म्हणतात.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाबाबत मात्र माझी तक्रार आहे. ऑनलाइन प्रशिक्षणाची लिंक येते, व्हिडिओ आवाज बंद करून चालू ठेवला जातो, प्रश्नांची उत्तरे शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरतात आणि प्रमाणपत्राचा स्क्रीनशॉट केंद्रप्रमुखांकडे (परिसरातील शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) पोहोचला की विषय संपतो. मीही हे केले आहे. याउलट, एकदा मी माझ्याच तासाची दहा मिनिटे मुद्रित करून घरी ऐकली, तेव्हा त्यांतली जवळजवळ नऊ मिनिटे मीच बोलत होतो आणि प्रश्न विचारल्यावर दोन सेकंदही न थांबता त्याचे उत्तरही मीच देत होतो. हे मला कोणत्याही प्रशिक्षणात उमगले नव्हते.

म्हणून शिक्षण परिषदेत, म्हणजे परिसरातील शिक्षकांच्या मासिक बैठकीत, प्रत्येक वेळी एका शिक्षकाने स्वखुशीने आपल्या तासाचा पाच मिनिटांचा तुकडा ऐकवावा आणि बाकीच्यांनी केवळ मुलांच्या बोलण्यावर चर्चा करावी, असे मला सुचवावेसे वाटते. अट एकच : तो तुकडा अधिकाऱ्यांच्या गटावर जाता कामा नये. तसे एकदा जरी झाले, तरी पुढच्या महिन्यापासून तालीम करून घेतलेलेच पाठ ऐकायला मिळतील.